सोजराबाईंच्या दंडावरची खूण

उंद्रीच्या सोजराबाईंना जिची भीती वाटत नाही अशी गोष्ट गावात शोधून सापडली नसती. एसटीचा भोंगा वाजला की त्या रस्ता सोडून थेट कुंपणाला टेकत. तलाठी दारात आला की आतल्या खोलीत जात. विहिरीत डोकावताना एका हातानं दोर आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचं धोतर धरतात, असं त्यांची जाऊ चांगुणा हसून सांगे. हे शेवटचं खोटं होतं, पण गावाला पटलं होतं. गंमत अशी की मळ्यात साप निघाला तर याच बाई काठीनं त्याला बाजूला सारून पुन्हा वांगी तोडायला लागत. साप आपल्या वाटेनं जातो, त्यात आपलं काही चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण ज्या कामात आपल्या हातून चूक होईल आणि ती दुसऱ्या कुणाला भोगावी लागेल, तिथं त्यांचे हातपाय गार पडत. हे गावाला माहीत नव्हतं. आणि असं का, ते त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

अशा बाईवर बासष्ट साली आफ्रिकेला जायची वेळ आली.

त्यांची एकुलती लेक आशा टांगानिकात होती. जावई भगवानराव मूळचे साखरखेर्ड्याचे, गणिताचे मास्तर. अरुशा नावाच्या गावात गुजराती व्यापाऱ्यांनी काढलेल्या शाळेत त्यांना नोकरी लागली आणि दोन वर्षांपूर्वी ते आशाला घेऊन बोटीत बसले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मध्ये अख्खा समुद्र. त्या खेपेला सातव्या महिन्यातच बाळ गेलं. ते कळवणारं पत्र उंद्रीला आलं तेव्हा सोजराबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्या जुड्या तशाच सुकून गेल्या. आता आशाला पुन्हा दिवस राहिले होते, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख होती, आणि पत्राच्या शेवटी तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : माय, या खेपेला तू ये. माझ्या एकटीच्यानं होणार नाही.

तिच्या त्या एका ओळीच्या आधी भगवानरावांची चार पानं होती. गणिताचा मास्तर तो, प्रवासात जपायच्या गोष्टी त्यानं क्रमांक घालून लिहिल्या होत्या. पाणी उकळूनच प्यावं. हिवतापाच्या गोळ्या निघायच्या आधीच सुरू कराव्यात आणि एकही दिवस चुकवू नये. मच्छरदाणीची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचावी. पायताण घालण्याआधी झटकावं. तळ्याच्या पाण्यात पाय घालू नये, कातडीतून जंतू शिरतात. दिवस मावळला की आवाराबाहेर पडू नये. जंगलातून मोटार जात असताना खाली उतरू नये, काच उघडू नये आणि सिंह दिसला तरी ओरडू नये.

सोजराबाईंचे नवरे हिंमतराव चौथी शिकलेले. ते एकेक अक्षर फोडून वाचत, त्यामुळे ‘सिंह’ पुरता व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी श्वास धरून ठेवला. मग सगळ्यांनी एकदमच सोजराबाईंकडे पाहिलं, जणू बाई उद्याच त्याच्या तोंडी जायच्या आहेत. चांगुणानं तर डोळ्याला पदर लावला.

सोजराबाई घाबरल्या, पण जायचं नाही असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. लेकीसाठी जायचं हे ठरलेलंच होतं, घाबरत का होईना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उंद्रीतच आफ्रिकेची तयारी सुरू केली. सकाळी चपला झटकू लागल्या, त्यातून कधी माती निघे, कधी काहीच नाही. खामगावहून मच्छरदाणी आणली आणि दुपारी तिच्यात पडून पाहिलं. आत जीव गुदमरला, तरी कड खोचलेलीच ठेवली. पाणी उकळून पिऊ लागल्या. त्याला चव लागेना म्हणून चिमूटभर ओवा टाकला, आणि तो टाकलेला चालतो की नाही या काळजीनं पुढं दोन दिवस पाणीच कमी प्याल्या. पासपोर्टच्या फोटोला बसल्या तेव्हा फोटोवाल्यानं डोक्यावरचा पदर मागं घ्यायला सांगितला. फोटोत त्या अशा दिसतात की पाहणाऱ्याला वाटावं, समोर खरोखरच सिंह उभा होता.

त्यातच पौष अमावस्येला आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार अशी आवई उठली होती. गावोगाव होम पेटले होते. सगळंच बुडणार असेल तर बाईनं सुया कशाला टोचून घ्यायच्या, असं चांगुणा म्हणाली. जग बुडालं तर बोटीचं तिकीट कामी येईल, असं हिंमतरावांनी तिला ऐकवलं. ओसरीवर सगळे हसले, सोजराबाई सोडून. त्यांना सुयांवरून आठवण झाली होती ती पत्रातल्या शेवटच्या कलमाची, आणि त्या कलमापुढं सिंह काहीच नव्हता.

भगवानरावांनी ते कलम खाली रेघ ओढून लिहिलं होतं. दोन दाखले लागतील. एक देवी टोचल्याचा, दुसरा पीतज्वराची सुई घेतल्याचा. ते नसतील तर बोटीवर चढू देणार नाहीत.

अष्टग्रही टळली, सूर्य नेहमीसारखा उगवला, आणि दुसऱ्या दिवशी नवरा-बायको चिखलीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सोजराबाईंच्या दोन्ही दंडांकडे पाहिलं आणि विचारलं की लहानपणी कधी देवी टोचल्या नाहीत का. दंड कोरे होते, जुन्या खुणेचा मागमूस नव्हता. मग ही पहिलीच खेप धरावी लागेल, असं सांगून त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. आज टोचायचं. आठव्या दिवशी फोड उठलेला दिसला तरच दाखल्यावर सही होईल. टोचल्यापासून एकवीस दिवसांनी मुंबईला पीतज्वराची सुई, आणि ती सुई लागू व्हायला पुढं दहा दिवस. बोट होळीच्या दुसऱ्या दिवशी सुटणार होती. एकदा टोचलेली नाही उठली तर पुन्हा टोचायला वेळ होता. दोनदा नाही उठली तर ती बोट गेली. पुढची बोट महिन्यानं, म्हणजे बाळंतपण उरकल्यावर.

“देवी डॉक्टर बाहेर पडवीत बसलेत, त्यांच्याकडून टोचून घ्या,” असं ते म्हणाले.

पडवीत एका स्टुलावर जानराव बसले होते. डोक्याचे केस पांढरे, सदऱ्याची कॉलर विरलेली, निवृत्तीला एखादं वर्ष उरलेलं. हिंमतरावांनी त्यांना पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले. सोजराबाईंनीही पाहिलं. त्यांनी पडवीचा खांब धरला.

बावीस वर्षांपूर्वी हेच जानराव लसीची पेटी सायकलला बांधून उंद्रीत आले होते. तेव्हा देवी टोचून घ्यायला गाव तयार नसे. माता सुईनं बोलवायची नसते, ती कोपते, असं म्हातारी माणसं सांगत. हिंमतराव तेव्हा तरणेताठे आणि चार बुकं शिकलेले. बाकीच्यांनी धडा घ्यावा म्हणून त्यांनी आपली दोन्ही मुलं सगळ्यांच्या आधी चावडीवर नेली. इंद्रभान चार वर्षांचा होता, कचरू दीड वर्षाचा. गावानं पाहिलं, आणि मग आणखी पंधरा-वीस पोरांचे दंड पुढं आले. पुढच्या उन्हाळ्यात देवीची साथ आली, आणि नऊ दिवसांत हिंमतरावांची दोन्ही लेकरं गेली.

दुःखानं माणूस वेडा होतो, पण हिंमतराव वेड्यासारखे वागले ते फार शहाणपणाच्या कारणानं. टोचलेल्या मुलांना देवी येतेच कशी? याचा अर्थ या माणसानं लस म्हणून पाणी टोचलं. पुढच्या वर्षी जानराव आले तेव्हा त्यांनी भर चावडीवर त्यांची कॉलर धरली, पेटी आपटून फोडली आणि वर अर्ज केला. उंद्रीनं जानरावांना वेस बंद केली. उंद्रीचं पाहून आणखी दोन-तीन गावांनी केली. अर्जातून काही निष्पन्न झालं नाही, पण माणसाला बढतीही मिळाली नाही. पाणी टोचणारा देवी डॉक्टर हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

हिंमतराव त्या दिवशी पडवीतून परत फिरणार होते. बुलडाण्याला जाऊ, पण याच्या हातून नाही, असं ते दात आवळून म्हणाले. एसटीची पुढची गाडी संध्याकाळची होती, तारखा तर डॉक्टरांनी तोंडपाठ सांगितल्या होत्या. शेवटी ते तोंड फिरवून उभे राहिले आणि सोजराबाई स्टुलापुढं बसल्या. जानरावांनी काही ओळख दाखवली नाही. दंड स्पिरिटनं पुसला, लसीचा थेंब ठेवला, त्यावर दातेरी टोकाचं छोटं हत्यार दाबून गोल फिरवलं. मुंगी चावावी एवढंच दुखलं. वाळेपर्यंत हात लावू नका, असं ते खाली बघत म्हणाले.

पडवीच्या पायऱ्या उतरताना सोजराबाईंचा उजवा हात पदराकडे गेला. त्यांनी तो नेला नव्हता. तो आपण होऊन गेला, पदराचं टोक त्यानं बोटाला गुंडाळलं, डाव्या दंडावर दाबलं आणि एकदा नीट पुसून घेतलं. आपण काय केलं हे त्यांना कळलं ते फाटकापाशी, पदरावरचा ओला डाग पाहून. त्यांच्या कानात एकदम वारं भरल्यासारखं झालं.

कारण बावीस वर्षांपूर्वीही त्यांनी हेच केलं होतं. हिंमतराव चावडीवर चहा पीत जानरावांशी बोलत बसले होते, आणि इकडे घरात सोजराबाईंनी आधी इंद्रभानचा दंड पुसला, मग कचरूचा. वरून चुलीतली राख चोळली. त्यांच्या आईनं त्यांचा असाच पुसला होता. गल्लीतल्या बहुतेक बायकांनी आपापल्या पोरांचे पुसले होते. टोचलं की पोर तापतं, दंड सुजतो, पोर रात्रभर रडतं, आणि कोण जाणे, माता खरीच अंगात शिरली तर? सरकारचं मन राखायचं आणि लेकरूही राखायचं, अशी ती रीत होती. साथ आली तेव्हा ती इतर घरांतही आली. पण इतर घरांतल्या नवऱ्यांनी कुणाची कॉलर धरली नाही. हिंमतराव चावडीवर ओरडत होते तेव्हा सोजराबाई दाराआड उभ्या होत्या. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यांच्या तोंडातून आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, आशा जन्मली तेव्हा नाही, आशाचं लग्न झालं तेव्हाही नाही.

आता त्यांनी मागं फिरून पुसलं म्हणून सांगायचं तर हिंमतराव शेजारी होते. आत्ता का पुसलं असं ते विचारणार, आणि त्या प्रश्नाच्या मागं दुसरा प्रश्न उभा होता. सोजराबाई गप्प एसटीत बसल्या. पुढचे सात दिवस त्यांनी देवाचं नाव घेतलं तेवढ्याच वेळा दंड पाहिला. थोडी लस आत राहिली असेल, एखादा तरी फोड येईल, अशी आशा करत त्या चुलीच्या उजेडात दंड वळवून वळवून बघत. दंड घासलेल्या परातीसारखा गुळगुळीत राहिला. चांगुणा म्हणाली, बरंच झालं, नाही सुजला ते. सोजराबाईंना तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, आणि मग वाटलं की चांगुणाचं काय चुकलं, आपणही जन्मभर हेच म्हणत आलो.

आठव्या दिवशी पडवीत बरीच माणसं होती. जानरावांनी चष्मा वर करून दंड पाहिला, बोटानं चाचपला आणि हळू आवाजात सांगितलं की नाही उठली.

“उठंन कशी?” हिंमतराव म्हणाले. “तवाबी पाणीच टोचलं, आताबी पाणीच टोचलं. माहे दोन लेकरं खाल्ले या माणसानं. आता पोरीच्या जिवावर उठला.”

बाया आपापली पोरं जवळ ओढू लागल्या. डॉक्टर दारात आले. जानरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. हिंमतरावांनी सोजराबाईंचा खांदा हलवून उठायला सांगितलं. आताच्या आता बुलडाणा गाठायचा, तिथं दुसऱ्याकडून टोचून घ्यायचं.

सोजराबाई उठल्या नाहीत. बुलडाण्याला दुसरा माणूस टोचेल, पण पुसणारा हात हाच असेल, हे त्यांना लख्ख दिसत होतं. हा हात पुन्हा पुसेल, बोट जाईल, आशा एकटी पडेल, आणि आपण पुन्हा दाराआड उभ्या राहू. भीती गेली म्हणून बाई बोलल्या असं कुणी सांगितलं तर ते खोटं समजावं. जन्मात घाबरल्या नव्हत्या इतक्या त्या त्या वेळी घाबरलेल्या होत्या.

“त्यानं पाणी नाही टोचलं,” त्या म्हणाल्या. “म्या पुसलं.”

“काय पुसलं?”

“आता बी पुसलं, अन् तवा बी. दोघाइचं बी. तुमी चावडीवर चहा पेत होते. म्या घरात पदरानं पुसलं अन् वरून राख चोळली. लेकरं तापतीन म्हून भेव वाटलं मले.”

हिंमतरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग आला असता तर सोजराबाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, आणि पायऱ्या उतरून आवारातल्या लिंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले.

सोजराबाई जानरावांकडे बघू शकल्या नाहीत. त्यांच्या पायांतल्या चपलांकडे बघत त्या बसून राहिल्या. जानरावच बोलले, आणि तेही हळूच, पडवीला ऐकू जाणार नाही असं.

“गावोगाव माही पाठ वळली का पदर हालत, हे मले ठाऊक होतं, बाई. तुमच्या घरी बी हालला असंन, असं वाटे. पण दोन लेकरं गेलेल्या मायले इचारू कसा?”

बावीस वर्षं या माणसानं पाणीवाला हे नाव सोसलं होतं, आणि एका बाईला एक प्रश्न विचारायचा टाळला होता. सोजराबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायलाही त्यांनी पदर उचलला नाही, पदराचीच भीती वाटत होती. पुन्हा टोचा, पण या हातावर माझा भरोसा नाही, कुणीतरी तो धरून ठेवा, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं.

आता परक्या बाईचा हात जानराव कसे धरणार? डॉक्टरांनी नर्सला हाक मारली, ती आत कुणाचं तरी गळू फोडत होती. तेवढ्यात पायरी वाजली. हिंमतराव वर आले, बाकावर बायकोच्या उजव्या अंगाला बसले, तिच्या पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. जानरावांकडे बघून मान हलवली.

दुसऱ्यांदा लसीचा थेंब पडला आणि हत्यार गोल फिरलं. मग तो थेंब वाळायची वाट बघत चिखलीच्या दवाखान्याच्या पडवीत भर दुपारी चारचौघांसमोर नवऱ्यानं बायकोचा हात धरून बसायचं, अशी पाळी आली. बासष्ट साली हे काही साधं नव्हतं. दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सोजराबाईंना ते दिसलं नाही. त्यांच्या हातानं दोनदा उसळी घेतली, आणि दोनदा तो दाबला गेला.

पुढचे पाच दिवस हिंमतराव एक शब्द बोलले नाहीत. मळ्यात जात, कांद्याला पाणी देत, जेवत, उठत. सोजराबाईंच्या भीतीला आता नवी जागा मिळाली. फोड आला नाही तर बोट जाईल. फोड आला तर बोट मिळेल, पण असा मुका नवरा मागं टाकून जायचं, आणि वाटेत आपलं काही झालं तर हे असंच राहायचं. सहाव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. दंड सुजला आणि मधोमध पाणीदार फोड वर आला. चांगुणा कडुलिंबाचा पाला आणि डबीतला चुना घेऊन धावत आली. फोडाला चुना लावून तो बसवते म्हणाली. सोजराबाईंनी तापातच उठून तिला उंबऱ्याबाहेर काढलं आणि कडी लावली. घाबरट बाईनं दार लावून घेतलं ही बातमी चांगुणानं गल्लीभर नेली.

दुपारी हिंमतराव मळ्यातून लवकर परत आले. दही-भात कालवून ताटली खाटेपाशी ठेवली आणि खाली भुईवर बसले. सुजलेल्या दंडाकडे ते बराच वेळ पाहत होते. दोन्ही मुलांचे दंड आठव्या दिवशी असे दिसायला हवे होते, हेच त्यांच्या मनात चाललं असणार.

“तुले भेव वाटलं, हे मले तवा काऊन नाही सांगतलं?” त्यांनी विचारलं.

“तुमचं बी भेव वाटे,” सोजराबाई म्हणाल्या.

हिंमतरावांनी ताटली पुढं सरकवली, दोन घास तरी खा म्हणाले, आणि त्या खाईपर्यंत तिथंच बसून राहिले.

आठव्या दिवशी जानरावांनी फोड पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पुन्हा पाहिला. डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला. हिंमतराव टोपी हातात घेऊन उभे होते. माफी मागायची म्हणून ते घरून वाक्य जुळवून आले होते, हे सोजराबाईंना माहीत होतं, कारण एसटीत त्यांचे ओठ हलत होते. ते वाक्य काही आलं नाही. जानराव, आमच्या उंद्रीले कवा येता, एवढंच त्यांनी विचारलं.

जानराव पुढच्या आठवड्यात आले. बावीस वर्षांनी त्यांची सायकल उंद्रीच्या वेशीतून आत आली आणि हिंमतराव तिचं हँडल धरून शेजारून चालत होते. सोजराबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, दंडावर काळी खपली. एकेका दारातून पोर पुढं आलं की त्या त्याच्या आईशेजारी जाऊन बसत आणि थेंब वाळेपर्यंत तिचा हात धरून ठेवत. का, असं चांगुणाच्या सुनेनं विचारलं. सोजराबाईंनी सांगितलं. इंद्रभान आणि कचरू ही दोन्ही नावं त्यांनी गल्लीत मोठ्यानं उच्चारली, साथीनंतर पहिल्यांदाच. सगळं सांगितलं. चांगुणा आत गेली आणि आपला नातू घेऊन आली.

पुढचं सगळं तसं लवकर झालं. मलकापूरला गाडी, मुंबईची सुई, दाखल्यांचं पिवळं पुस्तक, होळी. बोटीवर शाळेच्या हेडमास्तरांच्या बाई सोबतीला होत्या. समुद्र पाहून सोजराबाईंनी डोळे मिटून घेतले ते तिसऱ्या दिवशी उघडले. गोळ्या वेळेवर घेतल्या. जावयाच्या पत्रातल्या सतरा कलमांपैकी एकही मोडलं नाही. एप्रिलच्या एकोणीस तारखेला अरुशात आशाला मुलगी झाली आणि तिचं पहिलं रडणं ऐकायला आजी दाराशी होती. महिन्याभरानं शाळेच्या मोटारीतून जाताना सिंहही दिसला, झाडाखाली आडवा पडलेला, शेपटीनं माश्या वारत. बाईंनी काच उघडली नाही आणि ओरडल्याही नाहीत. घरी आल्यावर भगवानरावांनी विचारलं, तर म्हणाल्या, चिखलीच्या पडवीत याहून जास्त भेव वाटलं होतं.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा तिथल्या दवाखान्याची नर्स घरी आली. बाळाच्या इवल्या दंडावर तिनं थेंब ठेवला, हत्यार फिरवलं, बाळानं टाहो फोडला. नर्स हात धुवायला आत गेली. आशा शिकलेली पोर होती. बोटीसाठी तिनं स्वतः देवी टोचून घेतल्या होत्या, फोडही उठू दिला होता. पण तो आपला दंड होता आणि हा लेकराचा. शिवाय ती उंद्रीच्या बायकांतच वाढलेली होती. रडणाऱ्या पोरीला छातीशी धरता धरता तिच्या दुसऱ्या हातानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

सोजराबाईंनी तिचं मनगट धरलं.

आशानं चमकून वर पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण मनगटावरची पकड सैल होत नव्हती.

“माय, किती रडून राह्यली ती.”

“रडू दे,” सोजराबाई म्हणाल्या. “वाळू दे.”